आतेच्या खळ्यातून जाणारी वाट

आमच्या वाडीपुढची बाग विकत घेऊन तिचे प्लॉट पाडणाऱ्या माणसाने माझ्या आतेला फसवलं. तो परका नाही, आमच्याच गावचा. जन्म मुंबईतला, पण गणपतीला आणि जत्रेला न चुकता येणारा, मालवणी आमच्यापेक्षा गोड बोलणारा. त्याचं नाव मी लिहीत नाही. मालवणातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर त्याची सिमेंटची कमान आहे आणि कमानीला दोन पांढरे हत्ती आहेत. तिकडे दोडामार्गात हत्ती आला की लोक फटाके घेऊन धावतात. या हत्तींशेजारी उभं राहून फोटो काढतात.

मी धंद्याने बर्फवाला. आईबाप मुंबईत एका खोलीत राहायचे, तिथे मला जागा नव्हती, म्हणून मी गावी आतेकडे वाढलो. आते म्हणजे वडिलांची थोरली बहीण, नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली. मी शाळा सोडली तेव्हा तीच मला घेऊन बर्फाच्या कारखान्यात गेली आणि मालकाशी इतका वेळ भांडली की शेवटी तो म्हणाला, "बाये, लादी घेवन जा, पण गप रव." भाव करायला मी तिच्याकडून शिकलो. आज बाजारात माझं दुकान आहे, दोन टेम्पो आहेत, आणि माझ्याशी सौदा करायला येताना लोक आधी घोटभर पाणी पितात अशी माझी चेष्टा होते. होऊ दे. मला कोणी काही दिलेलं नाही, जे आहे ते मी ओढून घेतलं आहे.

बर्फवाल्याला वाटेची किंमत लवकर कळते. सायकलच्या मागे गोणपाटात भुसा घालून लादी बांधायची आणि निघायचं. लग्नघर वरच्या वाडीत असलं तर सरळ वाटेने जाताना लादीचे फक्त कोपरे झिजायचे. एकदा ओढ्यावरचा साकव, म्हणजे लाकडी पूल, वाहून गेला होता, तेव्हा लांबून वळसा घालून गेलो आणि पोचलो तेव्हा गोणपाटात पाण्याने भिजलेला भुसा आणि हातभर तुकडा उरला होता. यजमानाने तो उचलून पाहिला आणि म्हणाला, "बर्फ खंय आसा रे? वाटेत न्हालस काय?"

पण असं क्वचितच व्हायचं, कारण आमच्याकडे एक वाट बंद झाली तर दुसरी असायचीच. मालवणच्या बाजारातल्या गल्ल्या घ्या किंवा आमच्या वाडीतल्या पायवाटा घ्या, एका तोंडाने शिरलं की चार तोंडांनी बाहेर पडता यायचं. लोकांच्या बागा होत्या, बागांना गडगे होते. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची नुसती रचलेली भिंत. जिथे वाट आडवी येई तिथे गडगा रचणारा दोन-तीन दगड बाहेर काढून ठेवायचा, पाय ठेवून चढायला आणि पलीकडे उतरायला. हे कोणी कोणाला सांगायचं नाही. ज्याच्या गडग्याला असे दगड नसत, त्याच्या घरात मुलगी देताना लोक दोनदा विचार करत.

वरच्या वाडीतून तिठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात आणि एसटी थांबते तिथे, जायची वाट आतेच्या खळ्यातून होती. खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. लोक घराला वळसा घालून जात नसत, सरळ खळ्यातून जात, आणि तसं जाणाऱ्याला आते हटकल्याशिवाय सोडत नसे.

"काय गो, टोपली रिकामी? मासे इकलंस की नवऱ्याक इकलंस?"

"नवऱ्याक कोण घेतलो आते? तेचो काटोच जास्त."

मग पाणी, मग पान, मग उठताना ओटीवर मांडलेल्या कोकमातली, पापडातली, कुळथाच्या पिठीतली एखादी पिशवी. तिचं घर त्याच्यावर चालायचं. पण मी तेव्हाही पाहिलं होतं की तिला विक्रीपेक्षा हटकण्यात जास्त रस असे. गावात कोण आजारी आहे, कोणाचं भांडण मिटलं, कोणाची म्हैस व्याली, हे तिला घरबसल्या कळे. तिचं खळं हा आमच्या वाडीचा चौक होता.

आता सौद्याचं सांगतो. आतेच्या घरापुढची बाग आमच्या भावकीची सामाईक, हिस्सेदार सगळे मुंबईत विखुरलेले. तो कमानवाला ती घ्यायला आला तेव्हा भावकीने मला पुढे केलं. मी त्याला असा पिळला की तो उठून दोनदा गाडीपर्यंत गेला आणि दोनदा परत आला. "दादानू, माका उपाशी मारतल्यात," तो म्हणाला. मी म्हणालो, "तुझा पोट बघ आणि मगे बोल." आसपास कोणाला मिळाला नाही असा भाव मी मिळवला. झाडं कोणाची, विहिरीचं पाणी कोणाचं, पंप कोणाचा, सगळं बोललो. वाटेबद्दल कागदावर काही बोललो नाही. कोणीच बोलत नसे. आमच्याकडे जमीन विकतात, वाट विकत नाहीत. ती विकणाऱ्याची नसतेच.

वाटेसाठी आमच्याकडे वेगळी जागा आहे. वाडीच्या तोंडावर वडाखाली राखणदाराची, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाची, घुमटी आहे. जमीन विकली गेली की घेणारा आणि देणारा दोघे तिथे नारळ ठेवतात आणि गावचा मानकरी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालतो. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्या दिवशीही घातलं. तो सोवळं नेसून आला होता, बायकोला घेऊन आला होता. मानकरी म्हणाला:

"बा देवा म्हाराजा, आज ही जमीन ह्या तुझ्या लेकराच्या हाती जाता आसा. तेका यश दी. पण येणाऱ्याक, जाणाऱ्याक, डोक्यार भारो असलेल्याक, पोटुशी बायेक, हंय वाट मोकळी रवांदे म्हाराजा. जो कोण आडवो येतलो, तेका तू आडवो हो म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. तो माझ्या शेजारी उभा होता. हात जोडून, डोळे मिटून, सगळ्यांपेक्षा मोठ्याने तो म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

पुढे मला शिकलेल्या लोकांनी सांगितलं की एवढा हुशार तू, कागदावर का नाही घेतलंस? मी ते ऐकून घेत नाही. चोरी झाल्यावर कुलुपाला दोष देणाऱ्यांची मला चीड येते.

आधी झाडं गेली. मग बुलडोझर आला आणि जमिनीचा चढउतार गेला. मग चिऱ्यांची भिंत आली, माणसाहून उंच, वर काचा लावलेली, आणि बाहेर काढलेला एकही दगड नसलेली. वाट जिथे होती तिथे त्याने लोखंडी फाटक ठेवलं. पहिल्या उन्हाळ्यात फाटक उघडं असायचं. मग त्याला कडी लागली, मग पहारेकरी बसला. परमुलखातला गरीब माणूस, त्याच्याशी भांडून काय उपयोग? तरी मी भांडलो. मग पहारेकरीही गेला आणि कुलूप आलं.

मी फोन केला. "दादानू, कुलूप माझ्या मनाविरुद्ध आसा," तो म्हणाला. "प्लॉट घेतलेले लोक भितत. पावसानंतर बाजूक छोटो दरवाजो करून देतंय. आतेक सांगा, मी आसंय." पावसानंतर म्हणाला, शिमग्यानंतर करतो. शिमग्यानंतर म्हणाला, गवंडी गावाला गेलाय. प्रत्येक वेळी गोड बोलला आणि प्रत्येक वेळी आतेची चौकशी केली. आम्हाला वाटलं, देवासमोर होय म्हणालाय, आज ना उद्या करील.

इकडे आतेच्या खळ्यात माणूस येईना. वरच्या वाडीचे लोक मागच्या बाजूने शेतातून उतरू लागले, ओढ्यावरच्या मोरीवरून शेजारच्या गावच्या रस्त्याला लागायचे आणि तिथून हमरस्त्याने फिरून तिठ्यावर. ज्याच्याकडे दुचाकी होती त्याचं निभलं. म्हाताऱ्या माणसांनी तिठ्यावर जायचं सोडलं. तिठ्यावरच्या एसटीचा हॉर्न आतेच्या ओटीवर स्पष्ट ऐकू यायचा. गाडी ऐकू येते पण पकडता येत नाही, हे आमच्या गावात आधी कधी घडलेलं नव्हतं. मी रविवारी जायचो तेव्हा पाण्याची कळशी भरून, वर तांब्या पालथा घालून ठेवलेला असायचा.

"कोणासाठी गो?" मी विचारायचो.

"तुझ्यासाठी. तू काय माणूस नाय?" मग पिशवी पुढे करून म्हणायची, "कोकम बुरशी धरता रे. घेवन जा."

याच सुमारास माझी भाची आली. बहिणीची मुलगी, पुण्यात नगररचना शिकते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने मालवण घेतलं होतं, म्हणून माझ्याकडे राहिली. मी विचारलं, काय मोजणार? ती म्हणाली, "शहर कसं पसरतंय ते. रस्त्यांवरून."

तिने मला समजावलं ते असं. शहर वाढलं म्हणजे घरं वाढली, एवढंच नाही. ती कशी वाढली ते रस्ते एकमेकांना किती जोडलेले आहेत त्यावरून कळतं. म्हणून ती गाठी मोजणार होती. जिथे तीन रस्ते मिळतात, जिथे चार मिळतात, आणि जिथे रस्ता नुसताच संपतो. शिवाय दोन घरांमधलं, कावळा उडत जाईल तसं, सरळ अंतर आणि पायी चालायचं अंतर यांत किती फरक पडतो ते. "जिथे रस्त्याला रस्ता मिळतो तिथे लोक चालतात, मामा. जिथे प्रत्येक रस्ता कुठेतरी जाऊन मरतो, तिथे मीठ आणायलाही गाडी काढावी लागते. आणि एकदा असे रस्ते पडले की ते बदलत नाहीत. घरं पडतात, नवी होतात, रस्ते तेच राहतात."

"म्हणजे तुझं कॉलेज बर्फ वितळायचा हिशोब शिकवतं," मी म्हणालो. ती हसली. मी हसलो नव्हतो.

तिच्या नकाशात पायवाटा नव्हत्या. वरून काढलेल्या चित्रात फणसाखालची वाट दिसत नाही. तिला ते आधीच ठाऊक होतं. ती म्हणाली, आपण सगळ्या चालून बघू, मी फोनवर नोंदवत जाते. मी दुकान पोरांवर टाकलं आणि तिच्याबरोबर निघालो. ज्या वाटांनी मी बर्फ नेला त्या एकेक करून तिला दाखवायला गेलो आणि एकेक वाट मध्येच मेलेली सापडली. एकीच्या मधोमध पोहायचा तलाव होता. एकीवर कुणा पुणेकराचा बंगला, वर्षात एकदा उघडणारा. तिथला राखण्या धावत आला.

"खंय चाललात?"

"वाटेन."

"वाट? हंय खंय आसा वाट?"

"तू उभो आसस ना, तीच."

तो पायाखाली बघू लागला. भाचीने मला हाताला धरून बाहेर काढलं. असं बऱ्याच ठिकाणी झालं. भांडण मी करायचं, नोंद तिने करायची.

शेवटी आम्ही त्या कमानीतून आत गेलो. प्लॉट बघायला आलोय म्हटल्यावर हत्तींनीही अडवलं नाही. आत गुळगुळीत डांबरी रस्ते, दिवे, बाजूला विलायती माड. मधून एक रस्ता आणि त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेले आखूड रस्ते, कोणताच दुसऱ्याला न मिळणारा. भाचीने फोनवर रेघा दाखवल्या. बाजाराचा भाग जाळ्यासारखा दिसत होता, गाठीला गाठ. हा भाग खाऊन टाकलेल्या बांगड्याच्या काट्यासारखा.

ती रस्त्यांची टोकं मोजत होती. प्रत्येक टोकाला गाडी वळवायला गोल जागा सोडलेली होती. फक्त मधला मोठा रस्ता तसा नव्हता. तो पूर्ण रुंदीने सरळ जाऊन आतेच्या हद्दीच्या भिंतीला नाक लावून उभा होता. गटारही तिथपर्यंत आणून तसंच उघडं सोडलेलं.

"हा कसा मोजू?" ती स्वतःशीच म्हणाली. "हा संपलेला वाटत नाही. थांबवलेला वाटतो."

मी आयुष्यभर सौदे केलेत. भिंतीपर्यंत कोणी एवढा रुंद रस्ता फुकट बांधत नाही. ज्याला भिंतीपलीकडे जायचं असतं तोच बांधतो. पलीकडे आतेचं घर होतं, तिची बाग, आणि बागेच्या टोकाला उतरती जमीन, जिथून खाडी दिसते. सौद्याच्या वेळी त्याने ती मागितली होती आणि आते नाही म्हणाली होती. मग तो परत त्याबद्दल बोलला नव्हता. मी समजत होतो की त्याने नाद सोडला. त्याने वाट तोडली होती. वाट तोडली की मागची जमीन आपोआप पडेल भावाला येते, मागायचीही गरज पडत नाही. मी त्याला गाडीपर्यंत दोनदा पाठवल्याचा अभिमान बाळगून होतो, आणि तो माझ्याच शेजारी उभा राहून "व्हय म्हाराजा" म्हणत असताना त्याचा दुसरा सौदा सुरू झालेला होता.

मी तहसील कचेरीत गेलो. भाचीने नकाशे बरोबर दिले. तिथल्या साहेबांनी ते शांतपणे पाहिले, चहा मागवला. "काम छान आहे," ते म्हणाले. "पण ही वाट कुठल्याच नोंदीत नाही."

"देवासमोर बोललेली आहे. सगळा गाव साक्षीला होता."

"वहिवाट होती असं सिद्ध करता आलं असतं. पण अडवणूक झाल्यापासून मुदतीत अर्ज यायला हवा होता. आता दिवाणी कोर्टात जा. साक्षीदार आहेत ना?"

तेव्हा मला पावसानंतरचं, शिमग्यानंतरचं, गावाला गेलेल्या गवंड्याचं कळलं. तो दरवाजा करून देणारच नव्हता, तो मुदत संपवत होता. आणि साक्षीदार? गाव म्हणाला, मानकरी बोलला तर आम्ही बोलू. मानकऱ्याच्या घरी गेलो. त्याचा मुलगा कमानीतल्या कचेरीत नोकरीला लागला होता. मानकरी खांबाला टेकून बसला होता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "गाऱ्हाणा घातलंय ता खरा. पण कोर्टात घालूक माका जमाचा नाय." मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग त्या कमानवाल्याचा माणूस आतेकडे आला. मागच्या शेतातून, बूट हातात घेऊन. म्हणाला, घराला वाट नाही, बाजारात याला गिऱ्हाईक मिळणार नाही, पण आमचे साहेब गावचे आहेत, माणुसकी म्हणून घेतील. मी तिथे होतो. मी त्याची कॉलर धरली. आतेने मला मागे ओढलं.

"तेका कित्या मारतंस? इतक्या दिवसांनी खळ्यात कोण तरी इलो," ती म्हणाली आणि त्याला पाणी दिलं.

मी तिला सांगितलं, विकू नको, मी घेतो, तो देतोय त्याहून कितीतरी जास्त देतो. ती ओटीच्या कडेवर बसली होती. मग म्हणाली, "तू घेतलंस, मगे काय? वाट येतली? माका पैसो नको रे. माका जाणारी-येणारी माणसा होयी. सकाळपासून रातीपर्यंत मी माझोच आवाज ऐकतंय. विहिरीत वाकून बोलतंय." मग भिंतीकडे हात केला. "तेका दी. निदान पाहुणो येतलो म्हणून भिंतीर ओरडणारे कावळे तरी गप बसतले." पण मी, जो कोणालाही बोलण्यात हरवतो, त्या दिवशी तिच्याशी भाव करू शकलो नाही.

तिने घर दिलं. आता ती माझ्या दुकानाच्या माडीवर असते, बाजाराच्या गल्लीकडच्या खिडकीत. खाली माणसांचा राबता असतो. तिला वरून हटकता येत नाही, आवाज पोचत नाही. सुरुवातीला प्रयत्न करायची. हल्ली संध्याकाळी मी वर गेलो की एवढंच विचारते, "आज कोण कोण गेले?" मी बाजारातली नावं सांगतो. ती ओळखीचं नाव शोधत ऐकत राहते आणि मध्येच डोळे मिटते. कळशी भरून ठेवते, तांब्या पालथा घालते. त्या खोलीला नळ आहे.

घर त्याच्या नावावर झालं आणि पहिल्यांदा मोडली ती भिंत. घर नंतर पाडलं. मधला मोठा रस्ता जिथे थांबला होता तिथून पुढे गेला, आतेच्या खळ्यावरून, जिथे वाट होती जवळजवळ तिथूनच, आणि वरच्या वाडीच्या रस्त्याला जाऊन मिळाला. तिथे आता दुसरी कमान आहे. तीही बंद असते. प्लॉटवाल्यांच्या गाड्या आल्या की उघडते.

भाचीचा फोन आला. नवीन चित्रात तिला तो रस्ता दिसला होता. "मामा, फाटक हिशोबात धरलं नाही तर आकडा सुधारतो," ती म्हणाली. "एक गाठ वाढली." मी म्हणालो, तू फाटक धर. ती म्हणाली, धरलंय, पण माझ्यानंतर जो मोजेल तो कुठून धरणार?

तर आता मी तुला विचारतो, नाव न घेता, तुझं तुला कळेल. घुमटी अजून तिथेच आहे. तुझ्या कमानीच्या आड येत होती तरी तिला हात लावायची तुझी छाती झाली नाही, हे मी पाहिलं आहे. तिथे ये. सोवळं नेसून ये, बायकोला घेऊन ये, वकिलालाही आण. नारळ मी ठेवतो. मानकरी आला नाही तर गाऱ्हाणं मी घालीन, मला सगळं पाठ आहे. आतेला खुर्चीत बसवून आणतो, तुझ्याच रस्त्याने आणतो, त्या दिवसापुरतं फाटक उघड. तिच्यासमोर उभा राहा आणि मोठ्याने सांग, त्या दिवशी तू होय कोणाला म्हणालास, आणि कशाला म्हणालास.